ताडपत्री सर्कल

नाशिकला जाऊन आले असं म्हटलं की आमच्या सांगलीतले लोक त्र्यंबकेश्वर केलंत का विचारतात, पंचवटीत कुठे उतरलात विचारतात आणि मग माझ्या पिशवीकडे बघत चिवड्याची चौकशी करतात. तर मी त्र्यंबकेश्वर केलं नाही. उतरले होते सख्ख्या बहिणीकडे, आणि घेतलेला चिवडा परतीच्या एसटीत रागाच्या भरात एकटीनं संपवला. मी गेले होते एक पुतळा बघायला, आणि पाचातले चार दिवस घालवले त्याच्यावरच्या ताडपत्रीच्या नादात. लिहायला बसेपर्यंत राग उतरेल असं वाटलं होतं. तो काही उतरलेला नाही.

आधी पुतळा कुणी केला ते सांगते. माझी थोरली बहीण कुसुमताई लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा भावोजी, म्हणजे वसंतराव, ओझरच्या विमानांच्या कारखान्यात पत्राकामाला होते. पत्राकाम म्हणजे डबे आणि पिंपं नव्हेत. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून त्याला विमानाच्या अंगाचा बाक आणायचा, आणि रिवेट मारून असा बसवायचा की वरून बोट फिरवलं तर जोड लागू नये. सबंध नोकरी त्यांनी हेच केलं. मी चित्रकलेची शिक्षिका, कलाविद्यालयाची पदविका घेतलेली. पण पत्र्याला कुठे ठोकलं की तो कुठे फुगतो हे या माणसाला जितकं कळतं तितकं आमच्या शिल्पकलेच्या सरांनाही कळत नसे.

निवृत्त झाल्यावर भावोजींनी घरामागच्या शेडमध्ये एक बाई घडवली. नदीवर वाकून मेथीची जुडी धुणारी, माणसाच्या दीडपट मोठी, सगळी अॅल्युमिनियमची. दोन वर्षं लागली. सिंहस्थ पुढच्या वर्षावर आला होता आणि नाशिक शहर नटायला निघालं होतं. एका सुशोभन समितीनं ही बाई बघितली, पसंत केली आणि नव्या वस्तीतल्या एका सर्कलवर बसवायची ठरवली. ताईनं हे मला एसटीडीवरून सांगितलं तेव्हा ती इतकी हसत होती की अर्धं बोलणं मला कळलंच नाही. मी म्हटलं, पावसाळा संपू दे, येतेच बघायला.

सोमवार : द्राक्षं आणि डॉल्फिन

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी पोचले, आंघोळ केली, आणि भावोजी मला मिसळ खायला घेऊन गेले. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची. आमच्याकडच्यासारखा लालभडक कट वर तरंगत नाही, म्हणून मी जरा नाक मुरडलं, पण दोन घासांनंतर कानशिलं तापली आणि मी गुपचूप दही मागून घेतलं. भावोजी मिसळीबद्दल बोलले, गंगापूर धरण भरल्याबद्दल बोलले, माझ्या गुडघ्यांबद्दल बोलले. पुतळ्याचं नाव काढेनात. मी विचारलं, "कधी जायचं बघायला?" तर म्हणाले, "जाऊ की. तू आधी आराम कर." मला वाटलं, माणूस लाजतोय.

मला कुठला धीर. दुपारी ती दोघं लवंडल्यावर मी एकटीच बाहेर पडले आणि रिक्षा केली.

जाताना शहराची सजावट बघितली. एका चौकात सिमेंटचा द्राक्षांचा घड होता. एकेक मणी नारळाएवढा, आणि रंग इतका जांभळा की वांग्यांनी लाजावं. ज्या गावाच्या आजूबाजूला मैलोगणती हिरव्या द्राक्षांच्या बागा आहेत, तिथे हा रंग कुणी ठरवला आणि ठरवताना खिडकीतून बाहेर का बघितलं नाही, हे मला कुणीतरी सांगावं. पुढच्या चौकात तीन डॉल्फिन. तोंडातून कारंजं उडायची सोय, पण कारंजं बंद, आणि एकाच्या शेपटीवर कुणीतरी फडकं वाळत घातलेलं. गोदावरीकाठी डॉल्फिन कुठून आले? त्याच्या पुढे सोनेरी ऑइलपेंट फासलेला कलश. तो एक वेळ चालेल म्हणा, सिंहस्थ यायचा होता. मी नाशिककरांना हसत नाहीये. आमच्याकडेही बागेत सिमेंटचे बगळे आहेत, आणि दरवर्षी रंगवून रंगवून त्यांचे पाय हत्तीचे झालेत. राग येतो तो एवढ्यासाठी की असली कामं उघडीवाघडी, दिव्यांच्या माळा घालून मिरवतात.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भाजीवाल्या बाईचा पुतळा आहे ना, त्या सर्कलला घ्या."

"तसा पुतळा नाय मॅडम इकडं." त्यानं जरा विचार केला. "ताडपत्री सर्कल म्हणताय का?"

"ताडपत्री सर्कल काय आहे?"

"बघा की, आलंच."

सर्कल छान होतं. हिरवळ राखलेली, कडेनं लाल फुलांची झुडपं, आणि मधोमध काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर निळ्या ताडपत्रीचं एक भलंमोठं गाठोडं. वर दोरी, मध्ये दोरी, पायाशी दोरी. खालच्या झोळात पाणी साचून शेवाळ धरलेलं. उन्हापावसानं निळा रंग विटून पांढुरका झालेला, म्हणजे हे दोन-चार दिवसांचं काम नव्हतं. आणि चौथऱ्याच्या चारही अंगांना मात्र "सौजन्य" म्हणून कुणा बांधकामवाल्याच्या पाट्या, पितळी अक्षरांच्या, चकचकीत पुसलेल्या, फोन नंबरासकट. तेवढं सौजन्य झाकायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"आत काय आहे माहितीये का तुम्हाला?" मी विचारलं.

"काय की. कोणी म्हणतं देवी हाय, कोणी म्हणतं विमान हाय. लय दिवस झाले." रिक्षावाला म्हणाला. "आम्हाला काय, पॅसेंजरला खूण सांगायला बरं पडतं."

मी रिक्षातून उतरले सुद्धा नाही. घरी आले ती तणतणतच. ताई चहा करत होती. तिनं मला बघितलं आणि आणखी एक कप आधण वाढवलं.

झालं होतं ते असं. अक्षयतृतीयेच्या सुमारास पुतळा बसला. समिती म्हणाली, दोन दिवसांत अनावरण आहे, साहेब येणार आहेत, तोवर झाकून ठेवा. साहेब आले नाहीत. मग कुठली तरी आचारसंहिता लागली. मग अधिवेशन. मग पाऊस. आता पितृपंधरवडा, त्यात तर कुणी नारळही फोडणार नाही. ताई सांगत होती आणि भावोजी खिडकीबाहेर बघत बसले होते.

"मला त्या अनावरणाचं काही नाही गं सुमन," ते मध्येच म्हणाले. "फीत कापू नका, नाव घेऊ नका. तिला हवा लागली पाहिजे."

हवा कशाला, ते त्यांनी सांगितलं. अॅल्युमिनियमला पाऊस बाधत नाही. पाऊस पडतो, वारा येतो, वाळतं. पण ओलं कापड अंगाला चिकटून राहिलं, आत वाफ कोंडली, की पत्र्याला पांढरं पीठ सुटतं. पीठ झाडलं की खाली भोक. आतला सांगाडा लोखंडी, तिथे जोडाला आणखी लवकर. त्यांनी समितीकडे याचे चार अर्ज दिले होते. चारही अर्जांच्या पोचपावत्या त्यांनी मला फायलीतून काढून दाखवल्या. तारखेनं लावलेल्या होत्या.

"आता कशी असेल ती आतून?" मी विचारलं.

"झाकलेलं आहे. कसं सांगणार?"

"मग काढून टाका ना ते कापड! पुतळा तुमचा, हात तुमचे, दोऱ्या तोडायला कितीसा वेळ लागतो?"

भावोजींनी फाईल बंद केली. "ते मीच बांधलंय," ते म्हणाले. "उद्या ओझरला चल माझ्याबरोबर. तिथे सांगतो."

मंगळवार : ओझर

ओझरला त्यांचं जुन्या पतसंस्थेत काहीतरी काम होतं. मुंबई-आग्रा रस्त्यानं एसटी निघाली. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जाणारे कांद्याचे टेम्पो आम्हाला मागे टाकत होते आणि त्यांच्या मागून सालपटं उडत येत होती. दोन्ही बाजूंना द्राक्षबागांची छाटणी चालली होती. वेलीला नुसते खुंट ठेवलेले. मी म्हटलं, किती उघडं वाटतंय. भावोजी म्हणाले, "उघडं केल्याशिवाय फूट येत नाही त्याला." आदल्या दिवसाच्या रागातसुद्धा मला त्यांची दया आली.

कारखान्याच्या बाजूला चौथऱ्यावर एक जुनं लढाऊ विमान उभं करून ठेवलंय. नाक वर, शेपूट खाली, आत्ता उडेल असं. मी नाशिकच्या पाच-सहा चौकांतली शिल्पं बघितली होती, त्यांतल्या एकाहीसमोर मी एवढा वेळ थांबले नाही. पोटाखालून बघितलं तर रिवेटच्या रांगा सुताच्या रेषेत. पावसात न्हालेलं, उन्हात वाळलेलं, स्वच्छ.

तिथे, कुंपणाबाहेरच्या झाडाखाली उभं राहून, भावोजींनी मला त्यांची पद्धत समजावली. विमानात एखादा बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याला बारीक पोलादी तार दुहेरी पिळून बांधतात. तिला लॉकवायर म्हणतात. ज्यानं तार पिळली त्याची सही टॅगवर पडते. एकदा सही पडली की तो जॉब बंद. मग ती तार कागदाशिवाय कुणी तोडायची नाही. आणि ज्यानं बांधली त्यानं तर मुळीच नाही, कारण आपल्या हातचं काम आपण गुपचूप उघडायला लागलो की सहीला अर्थ उरत नाही.

"समितीचे लोक म्हणाले, वारा फार आहे, ताडपत्री उडायला नको. मी दोऱ्यांची टोकं लॉकवायरनं बांधली. अठ्ठावीस ठिकाणी." ते म्हणाले. "चांगली मारली. सबंध पावसाळ्यात एक कोपरा हलला नाही."

"आणि टॅग?"

"लावलाय. माझ्या सहीचा."

समितीवर चिडले होतेच, आता यांच्यावर चिडले. आपल्याच लेकराला आपणच कुलूप घालायचं आणि किल्ली हातात धरून परवानगीची वाट बघत बसायचं, हे फक्त ओझरच्या कारखान्यातला पत्रेवालाच करू जाणे. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "खरं आहे." त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. येताना मी चिवडा घेतला, तोही रागातच.

नाशिक जवळ आल्यावर मात्र मला एक सुचलं. मी विचारलं, "भावोजी, बंद केलेला जॉब तपासायला कधीच उघडत नाहीत का?"

"तपासणीला उघडतात की."

"त्याला परवानगी लागते?"

"परवानगी नाही. कळवावं लागतं. लेखी कळवायचं, पोच घ्यायची, मग उघडायचं." बोलता बोलता ते थांबले आणि चष्मा पुसायला लागले.

बुधवार : बाजार आणि कचेरी

ताई मला सकाळी गोदाकाठच्या बाजारात घेऊन गेली, ठकूबाईंना भेटवायला. ठकूबाई म्हणजे जिच्यावरून भावोजींनी पुतळा केला ती बाई. मखमलाबादकडच्या मळ्यातली मेथी, शेपू, कोथिंबीर घेऊन येणार, दसऱ्याच्या सुमारास झेंडू. आमच्याकडे पेंडी म्हणतात तिला इथे जुडी म्हणतात, आणि ठकूबाईंची जुडी अशी बांधलेली की देठं एका रेषेत कापल्यासारखी. वय माझ्याएवढंच, साठीच्या आत-बाहेर. दोन वर्षं आठवड्यातून एकदा, बाजार उरकला की, त्या ताईच्या शेडमध्ये तासभर वाकून उभ्या राहिल्या होत्या.

मी सांगलीहून पुतळा बघायला आले म्हटल्यावर त्यांनी मेथीवर पाणी शिंपडायचं थांबवलं.

"दिसला का?"

"नाही. झाकलेला आहे."

"मला तर लाजच वाटती बाई," त्या म्हणाल्या. "आधी गावात लय कौतुक झालं. आता बाया इचारत्या, ठकूबाई, तुझ्यात काय खोट हाय म्हणून झाकून ठेवली? सून म्हणती, जित्या माणसाला असं डोक्यापासून पायापर्यंत कापडात बांधत्यात व्हय, अपशकुन हाय तो. मी त्या रस्त्यानं जायचंच सोडलं. लांबून वळसा घालून येती."

"किती लांबून?"

"दोन मैल पडतंय. डोक्यावर पाटी."

मी तिथेच, बाजारात, समितीच्या नावानं जे बोलले ते ताईनं नंतर मला पुन्हा बोलू नकोस म्हणून सांगितलं, त्यामुळे लिहीत नाही. पण ठकूबाईंच्या तोंडावर जरा हसू आलं. मी त्यांना म्हटलं, "उद्या दहा वाजता सर्कलवर या."

समितीची कचेरी एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर होती. सचिव म्हणून बसलेले गृहस्थ अतिशय सभ्य. मला बसायला खुर्ची, चहा, शिवाय पंखा माझ्याकडे वळवून दिला. असल्या लोकांवर ओरडता येत नाही, हीच त्यांची ताकद.

"भावना समजू शकतो मॅडम," ते म्हणाले. "पण अनावरणाशिवाय कापड काढलं तर अनावरण कशाचं करायचं?"

"पुतळा आत सडतोय."

"धातू कसा सडेल?"

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावत ऐकलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला खरं सांगू? उद्या कुणी काढलंच, तर आम्ही काही फाशी देणार आहोत का? आमची तशी हरकत नाही."

"मग तसं लिहून द्या."

"लिहून कशाला? लिहिलं की अडचण होते."

मी चहा संपवला. पर्समधून कागद काढला आणि त्यांच्याच टेबलावर लिहायला घेतलं. चित्रकलेच्या शिक्षिकेचं अक्षर, वळणदार, समासासह. 'सर्कलवरील शिल्पाच्या धातूची स्थिती तपासण्यासाठी उद्या गुरुवारी सकाळी दहा वाजता आवरण उघडण्यात येत आहे. हरकत असल्यास त्यापूर्वी लेखी कळवावे.' खाली भावोजींचं नाव, त्यांच्या वतीनं माझी सही. दोन प्रती केल्या आणि सचिवांपुढे न ठेवता शेजारच्या टेबलावर आवक-जावक बघणाऱ्या बाईंपुढे ठेवल्या. त्यांनी एका प्रतीवर धाडकन शिक्का मारला, दुसरीवर मारला, सही केली, माझी मला परत दिली. वाचलं नाही. त्यांच्याकडे येणारं काहीच कुणी वाचत नाही, हे भावोजींच्या चार अर्जांवरून मला कळून चुकलं होतं. एकतीस वर्षं शाळेत काढली आहेत, शिक्का कुठे आणि कसा पडतो हे मलाही ठाऊक आहे.

संध्याकाळी भावोजींनी तो कागद दिव्याखाली धरून तीनदा वाचला. मी तयारीतच होते, यांनी आता काही खुसपट काढलं तर घर डोक्यावर घ्यायचं. त्यांनी कागद फायलीत लावला, उठले आणि शेडमधून तार कापायची पक्कड घेऊन आले. तिला तेल लावत बसले.

गुरुवार : दहा वाजता

शिडी ठकूबाईंच्या मुलाच्या टेम्पोतून आली. ठकूबाई नवं लुगडं नेसून टेम्पोतच बसून राहिल्या होत्या, खाली उतरायला तयार नव्हत्या. आम्ही सर्कलवर चढतोय बघून चौकातला वाहतूक हवालदार शिट्टी वाजवत आला. भावोजींनी त्याला कागद दाखवला. त्यानं मजकूर नाही, शिक्का बघितला, आणि आमच्या बाजूची वाहतूक थोपवून धरली. काय बोलायचं आता या देशाला.

अठ्ठावीस तारा. भावोजी एकेक कापत, कापलेला तुकडा खिशात टाकत, मोजत होते. घाई नाही. शेवटची तुटली आणि ताडपत्री आपल्याच वजनानं खाली बसली. आतून आंबूस, गरम वाफ आली.

आधी मला तोंडच दिसलं. वर कापड जरा तंबूसारखं ताणलेलं होतं, तिथे वारा खेळला असावा. चेहरा जसाच्या तसा होता. वाकलेल्या बाईच्या मानेची शीर, कानामागे सरकवलेला पदर, पाण्याकडे लागलेले डोळे. पत्र्यातून माणूस इतका मऊ कसा काढतात मला माहीत नाही. मी जन्मभर मुलींना माती कालवून दिली, मला असं एक बोट जमलेलं नाही. आणि ही बाई पाच महिने गाठोड्यात, आणि तिकडे डॉल्फिनवर दिवे.

मग खाली बघितलं. डाव्या कोपरावर पिठाचे ठिपके. लुगड्याच्या काठाला बारीक भोकं. आणि हातातली मेथीची जुडी, तिची पानं भावोजींनी सगळ्यांत पातळ पत्र्यातून एकेक कापून लावली होती, ती जवळजवळ उरलीच नव्हती. पांढरी भुकटी झाली होती. भावोजींनी बोट लावलं तशी उरलेली पानंही ओंजळीतून चौथऱ्यावर सांडली.

त्यांनी रुमाल काढला आणि तिचं कोपर पुसायला लागले. पुसत राहिले. ताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

केव्हातरी ठकूबाई टेम्पोतून उतरून आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली. ओंजळीपाशी थांबल्या.

"भाजी सडली व्हय दादा," त्या म्हणाल्या. "सडतीच की भाजी. आमची रोज सडती. नवी आनायची." मग जरा मागे सरून, डोकं तिरकं करून बघितलं. "तोंड ऱ्हायलं. पर कंबर लय जाड केली तुम्ही."

"होती तेवढीच केली," भावोजी हसून म्हणाले. पाच महिन्यांत ताईनं त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

पाऊण तासानं सचिव स्कूटरवरून आले. कुणीतरी फोन केला असणार. घाम फुटलेला, पण सभ्यपणा सुटला नव्हता. मी कागद पुढे केला. त्यांनी तो पहिल्यांदाच वाचला, शिक्का उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "ठीक आहे. तपासणी झाली ना? आता परत झाका. दसऱ्यानंतर साहेबांची तारीख मिळतेय, शब्द देतो."

मी तोंड उघडलं. भावोजींनी हातानं मला थांबवलं. त्यांनी फाईल चौथऱ्यावर ठेवली, कोरा कागद काढला, आणि मला वाटतं कारखान्यात ज्या आवाजात बोलत असतील त्या आवाजात म्हणाले, "उघडायला कळवलं की पुरतं. झाकायला सही लागते. तपासणीत दोष निघालेत. दोष असलेला जॉब बंद करायचा, तर कुणीतरी लिहून द्यावं लागतं की दोष मी बघितले, आणि तरी मी झाकायला सांगतोय. मी मजकूर लिहून देतो. तुम्ही खाली नाव, हुद्दा आणि तारीख घाला."

त्यांनी मजकूर लिहिला. कोपर, काठ, जुडी, सगळं ओळीनं. मग पेन सचिवांपुढे धरलं.

सचिवांनी पेनाकडे बघितलं. पुतळ्याकडे त्यांनी त्या सबंध वेळात एकदाही बघितलं नव्हतं, तेव्हा बघितलं. "समितीत ठेवतो," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

ताडपत्री ठकूबाई घेऊन गेल्या, झेंडूच्या पाट्यांवर घालायला.

मी शुक्रवारी निघाले. त्यानंतर दिवाळी झाली आणि ताईचा फोन आला. अनावरण झालेलं नाही, साहेबांची तारीख अजून मिळायची आहे. समितीच्या कागदांत पुतळा झाकलेलाच आहे, आणि रिक्षावाले अजून ताडपत्री सर्कलच म्हणतात. ठकूबाई मात्र पाटी घेऊन सरळ त्याच रस्त्यानं बाजारात येतात, दोन मैलांचा वळसा सुटला. भावोजी शेडमध्ये मेथीची नवी जुडी करतायत, या वेळी जरा जाड पत्र्याची.

"आणि सकाळी काय करतात?" मी विचारलं.

"सकाळी सर्कलवर जाऊन बसतात, पेपर वाचत," ताई म्हणाली. "खिशात तो लिहिलेला कागद असतो आणि पेन. कुणी झाकायला आलंच, तर सही घ्यायला."